मावशीच्या तीन भिंती आणि मुंग्यांचं पान

त्या शनिवारी दुपारपर्यंत वेबसाइट बनवण्यातलं मला सगळं येत होतं. सगळं म्हणजे सगळं! सहा महिन्यांपूर्वी शाळेच्या संगणक मंडळात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा दारातल्या पायपुसण्यावर पाच मिनिटं नुसती पाय घासत उभी होते. आणि आता माझी चाल अशी झाली होती, की इंटरनेट मीच सुरू केलंय आणि बाकीचं जग माझ्या परवानगीनं ते वापरतंय!

"नववीतल्या मुलीला एवढा आत्मविश्वास बरा नव्हे," आई म्हणायची.

"आई, तुला फ्रेमवर्क म्हणजे काय ते माहितेय का?"

आई गप्प बसायची. मला वाटायचं, जिंकले! ती भाजी चिरत असायची आणि तिच्या हातात सुरी असायची म्हणून ती गप्प बसायची, हे मला फार उशिरा कळलं.

तर माझी एक मावशी आहे. तिचं चष्म्याचं दुकान आहे. एकोणीस वर्षं ती ते एकटी चालवते. बाहेर तीन भिंतींवर फ्रेमा: डावीकडे पुरुषांच्या, उजवीकडे बायकांच्या, समोर लहान मुलांच्या. आत पडदा लावलेली एक अंधारी खोली, तिथे उंच खुर्ची, अक्षरांचा तक्ता, आणि ते हनुवटी टेकवून आत बघायचं यंत्र. खिडकीशी मावशीचं कामाचं टेबल. तिथे ती डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढे स्क्रू पिळत बसलेली असते.

मावशीची ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे. ती चष्मा विकत नाही! म्हणजे विकते, पण आधी नाही म्हणून बघते.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे. घरी जा, झोप काढा, फोन जरा लांब धरा."

"अहो पण मी फ्रेम पसंत केलीय!"

"फोटो काढा हवा तर. चष्मा लागत नाही तुम्हाला."

असं दुकान जगात कुठे चालत असेल? पण मावशीचं चालायचं. लोक म्हणायचे, बाईंनी चष्मा लागतो म्हटलं म्हणजे लागतोच!

मग गेल्या वर्षी कोपऱ्यावर एक मोठं दुकान उघडलं. दिवे एवढे, की दुपारी बारा वाजताही बाहेरचा रस्ता मळका वाटावा. आम्ही त्याला काचमहाल म्हणतो. काचमहालात शिरलेला माणूस बिनचष्म्याचा बाहेर पडलेला अजून कुणी पाहिलेला नाही. पत्ता विचारायला गेलेलासुद्धा दोन चष्मे घेऊन निघतो, एक जवळचा आणि एक लांबचा! हळूहळू मावशीकडची वर्दळ आटली. मी शाळेतून येताना डोकावले, की ती त्याच त्या फ्रेमा पुसताना दिसायची.

एकदा ती फडकं थांबवून म्हणाली, "टिटवी, मी लोकांना नाही म्हणते, ते त्यांना आवडत नसेल का गं?"

टिटवी म्हणजे मी. माझं तोंड बंद राहत नाही म्हणून. मावशीच्या आवाजात असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. आणि म्हणून मी ठरवलं, की मावशीच्या दुकानाचं असं पान बनवायचं, की काचमहालाचे दिवे फिके पडले पाहिजेत!

आता फ्रेमवर्क म्हणजे काय ते सांगते, घाबरू नका. फ्रेमवर्क म्हणजे पानाचा आयता सांगाडा. खोल्या तयार, दारं तयार, आपण फक्त सामान लावायचं. त्यात एक सोय असते. मोठ्या पडद्यावर पान ऐसपैस मांडी घालून बसतं, आणि फोनवर उघडलं तर तेच पान अंग चोरतं. शेजारी शेजारी असलेले रकाने एकाखाली एक येऊन उभे राहतात, अक्षरं वाचता येतील एवढी राहतात. याला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात. हे सगळं फ्रेमवर्क आपणहून करतं. आपण मध्ये बोट घालायचं नसतं.

मी घातलं.

झालं असं, की पान तयार झालं. वर भलंमोठं शीर्षक, माझ्या कल्पनेचा कळस: "तुम्हाला हे नीट दिसतंय का?" खाली दुकानासारखेच तीन रकाने, तीन भिंतींचे. त्याखाली पत्ता, फोन, वेळ. मावशीनं ते आपल्या फोनवर उघडलं आणि तिचा चेहरा पडला.

"अगं, माझ्या तीन भिंती कुठे गेल्या?"

"आहेत ना! खाली सरकव."

"पुरुषांच्या खाली मुलांची, मुलांच्या खाली बायकांची? ही काय दुकानाची मांडणी झाली? हे तर ट्रकमध्ये सामान रचल्यासारखं दिसतंय!"

"ते फोनवर तसंच दिसतं गं मावशी."

"मग नको. माझं गिऱ्हाईक आत येतं तेव्हा त्याला तिन्ही भिंती एकदम दिसतात. तसंच दिसलं पाहिजे. तुला जमत नसेल तर राहू दे."

तुला जमत नसेल! मला! मी मावशीच्या जुन्या संगणकावर बसले आणि त्या रिस्पॉन्सिव्हची खोडच मोडली. पानाला फोनच्या मापाचं व्हायला सांगणारी एक ओळ असते, ती बदलली. बाराशे ठिपक्यांची, म्हणजे मोठ्या पडद्याची, रुंदी पक्की ठोकली. फोन असो, पडदा असो, पान हलणार नाही! आणि कुणी दोन बोटांनी ताणून माझी मांडणी बिघडवू नये म्हणून झूम करण्याची सोयही बंद करून टाकली. संगणकाच्या बाईंनी बजावलं होतं, "ते बंद करायचं झालं तर आधी मला दाखव." पण बाईंना कशाला उगीच त्रास!

मग मी मावशीचा फोन तिच्यासमोर धरला. मावशी तेव्हा एका चष्म्याची काडी बसवत होती. डोळ्याला भिंग होतंच. तिनं भिंगातूनच फोनकडे पाहिलं.

"वा! तिन्ही भिंती! अक्षरही किती टपोरं आहे गं!"

दहा पटींनी मोठं दाखवणारं भिंग होतं ते. आणि माझे डोळे पंधरा वर्षांचे, फोन नाकाला चिकटवून बघणारे. आम्हा दोघींनाही अगदी झकास दिसलं! शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मावशीनं आपल्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवला: "आमचं नवं पान जरूर पाहा."

त्यांनी पाहिलं.

शनिवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी नऊ वाजता मावशीबरोबर दुकान उघडायला गेले, तर पायरीवर चार माणसं! मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान अशी काही ताठ केली, की मागे केसांची क्लिप निसटली.

पहिल्या होत्या पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीणबाई. चेहरा पांढराफटक.

"तुमचं ते पान पाहिलं हो," त्या मला म्हणाल्या, "आणि माझ्या पायांखालची जमीनच सरकली!"

"एवढं?" मी लाजून म्हटलं.

"चहा गेला नाही घशाखाली. तशीच निघाले."

मग आले बसचे ड्रायव्हरकाका, गणवेशातच. "पोरी, ते पान तू बनवलंस? मी अर्धा तास बघत होतो. डोळ्यांतून पाणी आलं बघ!"

कलेची कदर असलेली माणसं आपल्या आजूबाजूला एवढी आहेत, आणि आपल्याला पत्ताच नाही! मी नावं लिहायच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक रकाना आखला: "भारावलेले." अकरा वाजेपर्यंत त्यात चौदा जण झाले. एक आजी तर माझा हात धरून म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदाच असं काही बघितलं गं. म्हणजे बघितलं तरी कुठे..." आणि त्यांना पुढे बोलवेना. मी त्यांच्या नावापुढे दोन फुल्या मारल्या.

आत मात्र मावशीची पंचाईत चालली होती. शिंपीणबाईंचं जुनं कार्ड तिनं खणातून काढलं, डोळे तपासले. नंबर जसाच्या तसा!

"काही बदल नाही. घरी जा."

"असं कसं होईल? मला अक्षर म्हणून दिसत नाही!"

"ही सुई घ्या. हा दोरा."

शिंपीणबाईंनी अंधाऱ्या खोलीत, एका झटक्यात, बोलता बोलता दोरा ओवला.

"अहो, ते हाताला सवय आहे म्हणून," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "माझे डोळे गेलेत हो बाई!"

ड्रायव्हरकाकांनी तक्ता पार खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. वर खिडकीतून रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा फोन नंबरही वाचून दाखवला.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," मावशी म्हणाली.

"बाई, माझ्या गाडीत चाळीस माणसं बसतात. खात्री असल्याशिवाय मी चाकाला हात लावणार नाही. डेपोत सांगून आलोय, आजची बारा नंबरची बस रद्द."

बारा नंबरची बस रद्द! ती का रद्द झाली, हे थांब्यावर उभ्या असलेल्या लोकांनी विचारलं. डेपोतल्या कुणीतरी सांगितलं, ड्रायव्हरला दिसेनासं झालंय. थांब्यावरच्या दोघांना आठवलं, की अरेच्चा, आपल्यालाही सकाळी एक पान वाचता आलं नव्हतं! बारा वाजता आईचा फोन आला.

"टिटवी, तू दुकानातच आहेस ना? कुणाच्या डोळ्यांत बघू नकोस! डोळ्यांची साथ आलीय म्हणे गावात. शाळेतून निरोप आलाय, सोमवारी सुट्टी द्यायचा विचार चाललाय."

"सुट्टी?" खरं सांगते, मला फार वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. आरोग्य खात्यातल्या कुणी बाई होत्या. मावशी आत होती म्हणून मीच घेतला.

"आजचा आकडा काय?"

"कसला आकडा?"

"दृष्टी गेलेल्यांचा."

मी दुकानात नजर टाकली. बाकावर सहा, बाकाला टेकून पाच, पायरीवर तीन. त्यातले निम्मे काळा चष्मा लावून, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून बसलेले. एका बाईनं तर फोन रुमालात गुंडाळून धरला होता, जणू त्यालाच ताप आलाय!

"मी विचारून सांगते हं," म्हटलं आणि ठेवून दिला. पहिल्यांदाच मला वाटलं, की एवढी माणसं भारावली असतील, तर त्यातलं एखादं तरी हसत का नाहीये?

एक वाजता आले निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या शाळेचे नव्हेत, पण ते कुणाचेही मुख्याध्यापक वाटतात. त्यांच्यासमोर माईक नसला तरी आहे असंच ते बोलतात. त्यांनी रांग मोडली नाही, रांगच बाजूला झाली. मावशीनं त्यांचं कार्ड काढलं, दोनदा तपासलं.

"सर, नंबर तोच आहे. काही करायची गरज नाही."

"असं?" सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आलो. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, नंबर वाढलाय. दोन्ही डोळ्यांचा. चष्मा ताबडतोब बदला म्हणाले. माझ्याबरोबर आणखी पाच जण होते, त्यांचेही वाढलेत. आणि तुम्ही म्हणता काही नाही! बाई, मी पंधरा वर्षं तुमच्याकडे येतोय. आता मला सांगा, पंधरा वर्षं तुम्ही मला बरोबर सांगत होतात का?"

दुकानात टाचणी पडली असती तरी... शिंपीणबाईंनी उचलली असती. पण पडली नाही. सगळे मावशीकडे बघत होते.

मावशीनं मला खूण केली आणि ती पडद्याआड गेली. मी मागोमाग गेले.

"बस खुर्चीत. वाच."

मी वाचलं. वरपासून खालपर्यंत. मग तिनं यंत्रावर स्वतःची हनुवटी टेकवली, आणि मला आकडे वाचायला लावले. मग ती खुर्चीच्या पायाशी टेकली. एवढी उंच मावशी, पण अगदी एवढीशी दिसली.

"यंत्र बरोबर आहे. तू बरोबर वाचलंस. मग सतरा माणसं एकाच दिवशी खोटं कशाला बोलतील? त्यांना दिसत नाहीये, टिटवी. आणि मला ते सापडत नाहीये." तिनं चाचणीच्या भिंगांचा खोका मिटला. "म्हणजे माझीच पारख गेली. एकोणीस वर्षं लोकांना घरी पाठवलं, त्यातल्या किती जणांना खरंच चष्मा लागत होता, कोण जाणे. बाहेर जाऊन सांग, आज तपासणी बंद. सोमवारी पाटीच उतरवते."

"मावशी!"

"सांग जा."

मी बाहेर आले. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ड्रायव्हरकाकांनी मला बाकावर बोलावलं. ते तपासून झाल्यावरही घरी गेले नव्हते, बिचारे.

"पोरी, तुझे डोळे तरुण आहेत. एवढं वाचून दाखव. दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं, ते यात लिहिलंय का? आज परत संध्याकाळी येऊन बघीन म्हणतो."

मी फोन हातात घेतला.

वर माझं शीर्षक होतं, तेवढं दिसत होतं: "तुम्हाला हे नीट दिसतंय का?" आणि त्याखाली मुंग्या. पानभर मुंग्या! तीन रांगांत, शिस्तीनं, तीन भिंतींवर चढलेल्या मुंग्या.

"काका, हे मोठं करून बघा ना."

"होत नाही ना! दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. काल तर बायकोनं दोन बोटं ओढली आणि मी दोन. ते मोठं होणंच बंद करून ठेवलंय कुणीतरी."

कुणीतरी.

एका क्षणात सगळं लख्ख दिसलं, मलाच! शिंपीणबाईंची जमीन का सरकली. काकांच्या डोळ्यांतून पाणी का आलं. आजी का बोलू शकल्या नाहीत. वहीच्या शेवटच्या पानावरचे ते चौदा भारावलेले!

आता तुम्हाला म्हणून सांगते, दुकानाचं मागचं दार उघडं होतं. तिथून आमचं घर सात मिनिटांवर आहे, पळत गेलं तर चार. सोमवारी शाळेला सुट्टी. साथ आपोआप ओसरली असती, पान मी घरून गुपचूप दुरुस्त केलं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं. फक्त मावशीनं पाटी उतरवली असती.

मी बाकावर चढले.

"ऐका!" माझा आवाज फाटला. "तुमचे डोळे गेलेले नाहीत! कुणाचेच नाहीत! पान मी बिघडवलंय!"

सगळे काळे चष्मे माझ्याकडे वळले.

"म्हणजे?" मुख्याध्यापक म्हणाले.

"पान फोनवर आपोआप वाचण्याजोगं होतं, ते मी बंद केलं. म्हणजे मोठ्या पडद्याचं अख्खं पान तुमच्या एवढ्याशा फोनमध्ये कोंबलं. आणि बोटांनी मोठं करता येतं, तेही बंद केलं. ते अक्षर कुणालाच दिसणार नाही. गरुडालासुद्धा! मावशीचं बरोबर आहे. सगळ्यांच्या बाबतीत बरोबर आहे!"

"अस्सं," सर माईकच्या आवाजात म्हणाले. "वर लिहायचं नीट दिसतंय का, आणि खाली न दिसणारं अक्षर ठेवायचं. गिऱ्हाईक गोळा करायची युक्ती बरी आहे!"

"युक्ती असती तर," शिंपीणबाई एकदम उठून म्हणाल्या, "बाईंनी मला चष्मा नसता का दिला? मी तर पदर पसरून मागत होते! सुई ओवायला लावून घरी जा म्हणाल्या."

"मलाही घरी जा म्हणाल्या," काका म्हणाले.

"मलाही!" "मलाही!" बाकावरून, पायरीवरून आवाज आले. सतरा जणांना सतरा वेळा घरी पाठवलं होतं मावशीनं, आणि ते सगळे हट्टानं तिथेच बसून होते!

मी संगणकाकडे धावले. घाईत एक ओळ तीनदा चुकली. पण ती मूळची ओळ परत लिहिली. ठोकलेली रुंदी उपटली. झूमचं कुलूप काढलं. साठवलं.

"आता पान खाली ओढून सोडा! सगळ्यांनी!"

सगळ्यांचे अंगठे एकदम हलले. मग पायरीवरून एक आवाज: "दिसलं!" मग बाकावरून: "अगंबाई, दिसलं!" मग नुसता कल्ला! काळे चष्मे उतरले, रुमालातले फोन बाहेर आले. आजींनी पत्ता मोठ्यानं वाचला, वेळ वाचली, फोन नंबरही वाचला, आणि तो लावूनही पाहिला. काउंटरवरचा फोन वाजला, मी उचलला, समोरूनच आजी म्हणाल्या, "दिसतंय गं बाई!"

"मला दिसत नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

त्यांच्या फोनवर अजून मुंग्याच! मग आठवलं, फोननं जुनं पान जपून ठेवलं असणार. मी त्यांच्या हातून फोन घेतला, साठवलेलं सगळं पुसलं, पान पुन्हा उघडलं आणि परत दिला. सरांनी तो हातभर लांब धरला. मग जवळ आणला. मग पुन्हा लांब.

"'गरज नसेल तर आम्ही चष्मा देत नाही,'" त्यांनी वाचलं. ते मीच लिहिलं होतं, मधल्या रकान्यात. मग त्यांनी काचमहालाचा कागद उलगडला, त्यावरचा वाढलेला नंबर पाहिला, आणि त्याची अशी बारीक घडी घातली, की ती त्या शिंपीणबाईंच्या सुईतून गेली असती.

"बाई बाहेर आहेत का?" ते म्हणाले. मावशी पडद्याशी उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. "बाई, मी तुमची परीक्षा घ्यायला आलो होतो. ती इथं आपोआपच झाली. तुम्ही पास झालात, आणि मी..." मुख्याध्यापकांना नापास हा शब्द स्वतःसाठी वापरायची सवय नव्हती, म्हणून ते नुसते हात जोडून उभे राहिले.

मावशी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी अजून तिच्या संगणकापुढे, मान खाली घालून. आता बोलणी बसणार! मी डोळे मिटून घेतले.

"टिटवी, म्हणजे माझं बरोबर होतं?"

"हो."

"सतराच्या सतरा?"

"सतराच्या सतरा, मावशी."

तिनं येऊन मला असं घट्ट धरलं, की तिच्या गळ्यातलं भिंग माझ्या कपाळावर उमटलं. एकोणीस वर्षांत मावशीला रडताना मी पाहिलं नव्हतं. म्हणजे माझ्या हयातीतल्या पंधरा वर्षांत.

"मागचं दार उघडं होतं," ती माझ्या कानात म्हणाली. "मी बघत होते. गेली नाहीस."

"मार बसेल ना मला?"

"बसेल. उद्या. आणि थोडा मलाही बसायला हवा. भिंगातून बघून टपोरं अक्षर म्हणणारी मीच!"

आरोग्य खात्याचा फोन पुन्हा आला. "आकडा सांगा, वर कळवायचंय." मावशीनं रिसीव्हर घेतला, दुकानभर नजर फिरवली आणि ठसक्यात सांगितलं, "शून्य!" बारा नंबरची बस दुपारी अडीचला निघाली. काकांनी दुकानासमोरून जाताना हॉर्न वाजवला, तो इतका लांबलचक, की बसमधल्या चाळीस माणसांनी कान झाकले.

हिशेब केला तर माझ्या पानानं एका दिवसात बत्तीस माणसं दुकानात आणली आणि एकही चष्मा खपला नाही. पण काचमहालात नंबर वाढलेले ते पाच जण सोमवारी मावशीकडे आले, पुन्हा तपासून घ्यायला. मग त्यांचे शेजारी आले. मग शेजाऱ्यांचे नातलग. आता मावशी फ्रेमा पुसत नाही, तिला वेळच नसतो. मी शाळेतून येऊन पुसते. शिक्षा म्हणून सुरू झालं होतं, आता आवडतं. शाळेला सुट्टी मिळाली नाही. संगणकाच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पोट धरून हसल्या, आणि मग मंडळातल्या मुलांसमोर मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. त्याबद्दलही मी त्यांची आभारी आहे. म्हणजे, होईन हळूहळू.

आणि मावशीचे आभार कसे मानू? तिनं ते बिघडलेलं पान फोनच्या मापात छापून घेतलं, काचेत मढवलं, आणि अंधाऱ्या खोलीत अक्षरांच्या तक्त्याखाली अगदी शेवटी टांगलं. तक्ता पूर्ण वाचणाऱ्याला ती म्हणते, "आता हे वाचा." त्यातली सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ आहे: "पानाची आखणी आणि मांडणी: टिटवी, इयत्ता नववी." माझं नाव दुकानात कायमचं लागलं! एवढा मान आमच्या अख्ख्या वर्गात कुणाला मिळालेला नाही.

अजून कुणी त्या ओळीपर्यंत पोचलेलं नाही. परवा मात्र ड्रायव्हरकाका आले होते. तक्ता संपवला, खाली वाकले, डोळे बारीक केले. मी पडद्याआड श्वास रोखून उभी! काका आणखी वाकले. आणखी. मग सरळ होऊन मावशीला म्हणाले, "बाई, खाली काचेवर काहीतरी डाग पडलाय. त्या पोरीला सांगा, जरा पुसून घेईल."